नाडीतला तांबडा-पांढरा धागा

रुमेनाच्या दुकानात काही घ्यायचं तर आधी गुडघे टेकावे लागतात. चर्चमध्येसुद्धा आमचे लोक उभेच राहतात, पण सिगारेटचं पाकीट हवं असेल तर फुटपाथवर वाकायचं, गुडघा टेकायचा आणि पावलांच्या उंचीवरच्या खिडकीत तोंड घालून मागायचं. दुकान तळघरात, खिडकी रस्त्याला लागून. एके काळी सोफिया शहरात गल्लोगल्ली अशी दुकानं होती, आता मोजकीच उरली आहेत. आमच्या इमारतीच्या तळघरातलं हे रुमेनाचं. तिचं घर तळमजल्यावर आणि त्याच्या बरोबर वर, पहिल्या मजल्यावर मी राहतो. मी म्हणजे मेतोदी. चाळीस वर्षं ट्राम चालवली, आणि बायको गेल्यापासून दिवसातून एकदा कुणाशी तरी भांडल्याशिवाय मला जेवण जात नाही.

तळघरात बसून रुमेनाला माणसांचे चेहरे दिसत नाहीत, दिसतात फक्त बूट. तीस वर्षांत तिला अख्खी गल्ली बुटांवरून पाठ झाली होती. नवे बूट चढवून भलतीकडे निघालेला नवरा तिला त्याच्या बायकोच्या आधी कळायचा.

"मेतोदी, डावा पाय ओढत चालतोस तू. गुडघा दाखवलास का डॉक्टरला?"

"तू मुकाट्यानं सूर्यफुलाच्या बिया दे. गुडघा माझा आहे."

"गुडघा तुझा, पण टेकतोस माझ्या दारात. मोडला तर लोक मलाच बोल लावतील."

तिचा नवरा ल्यूबेन. घरं रंगवायचा. बोलायला कमी आणि कामाला चोख. रोज सकाळी दोन डबे घेऊन तो जुन्या स्नानगृहामागच्या गरम झऱ्याच्या नळांवर जायचा. त्या पाण्याशिवाय घरात चहा होत नसे. पन्नास वर्षं हा नेम चुकला नाही. मग एके दिवशी तो डबे विसरून गेला. पुढच्या महिन्यात डबे घेऊन गेला आणि घर विसरला. हळूहळू त्याच्या डोक्यातली एकेक खोली रिकामी होत गेली. शेवटी त्यातून रुमेनाही गेली. राहिला तो फक्त झऱ्याचा रस्ता.

त्याला कोंडून ठेवायचा प्रयत्न तिनं एकदा केला. तो दारावर मुठी आपटत लहान मुलासारखा रडला. "मी काय चोरी केलीय? कुणी कोंडलंय मला?" मी वरच्या मजल्यावर कान झाकून बसलो होतो. दुसऱ्या दिवसापासून तिनं कुलूप लावलं नाही. मुलगी स्पेनमध्ये असते, ती फोनवर सांगायची, शहराबाहेर वृद्धाश्रम आहे, ठेव तिथे. रुमेना म्हणायची, "आणि तिथे कुणाच्या खिडकीवरून जाईल तो?"

कारण तिचा सगळा भरवसा त्या खिडकीवर होता. आमची गल्ली एका बाजूला भिंतीनं बंद आहे. फाटकातून बाहेर पडलेल्या माणसाला रुमेनाच्या खिडकीवरूनच जावं लागतं. अडचण एवढीच की तळघराला रस्त्यावर उघडणारं दार नाही. मागच्या जिन्याच्या चौदा पायऱ्या, मग अंगण, मग फाटक. सत्तरीच्या बाईला रस्त्यावर येईपर्यंत पुढचा माणूस चौकापलीकडे गेलेला असतो. म्हणून त्याला खिडकीशीच थांबवायला हवं. बूट दिसले की ती हाक मारायची. हाकेनं तो थांबायचा आणि वाकून आत बघायचा. बायको ओळखू यायची नाही, पण दुकानदारीण ओळखीची वाटायची.

"काय देऊ, साहेब?"

"काही नको, बाई. पाण्याला निघालोय. घरी बायको खोळंबलीय चहासाठी."

"पाणी मघाशीच आणलंत की तुम्ही. चहा करून बसलीय ती. जा, निवेल."

"हो का? जरा कटकटी आहे हो ती."

"असेल. पण तुमच्याशिवाय घोटभर घेत नाही."

मग तो मागे फिरायचा. ती तिळाची वडी हातात द्यायची आणि तो प्रत्येक वेळी टोपी काढून आभार मानायचा. मी हे किती तरी वेळा पाहिलंय. आणि प्रत्येक वेळी मी बियांवरून रुमेनाशी भांडायचो.

पुढे तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. सोफियातल्या प्रत्येक म्हाताऱ्याच्या पायात तेच काळे बूट. दोनदा तिनं परक्यालाच थांबवलं, तिसऱ्यांदा ल्यूबेन तिच्यासमोरून निघून गेला आणि संध्याकाळी पोलिसांनी आणून सोडला. तेव्हा तिनं युक्ती काढली. एक मार्चला आम्ही सगळेच तांबड्या-पांढऱ्या लोकरीचा धागा मनगटाला बांधतो. मार्ता आजीचा धागा, म्हणजे मार्तेनित्सा, थंडी गेली म्हणून. करकोचा दिसला किंवा झाडाला फुलोरा आला की तो काढून झाडाला बांधायचा. रुमेनानं तो ल्यूबेनच्या बुटाच्या नाड्यांत ओवला आणि वर्षभर काढलाच नाही. काळ्या बुटांच्या गर्दीत ते दोन तांबडे ठिपके तिला अंधुक डोळ्यांनीही दिसायचे.

"पायात मार्तेनित्सा? करकोचा वाट चुकेल गं तुझ्या नवऱ्याला बघून," मी म्हणालो.

"करकोचा चुकला तर चुकू दे. हा चुकला नाही म्हणजे झालं."

वर्षभर धाग्यानं काम चोख केलं. एकदाही तो चौकापलीकडे गेला नाही.

आमच्या गल्लीत प्रवाशांचे घोळके येतात. पिवळी छत्री उंच धरून बिल्याना त्यांना फिरवते. याच गल्लीत वाढलेली पोर, जिभेला हाड नाही, पण मनानं चांगली. घोळका रुमेनाच्या खिडकीशी थांबतो, आळीपाळीनं गुडघे टेकून फोटो काढतो आणि पाण्याची एक बाटली घेऊन पुढे जातो. त्यातल्या एका दाढीवाल्यानं ल्यूबेनचे बूट पाहिले. कॅमेरा जवळ नेऊन बिल्यानाला विचारलं, हा धागा कसला? पुढच्या चर्चची वेळ टळत होती. बिल्याना म्हणाली, आमच्याकडची पद्धत आहे.

त्या गृहस्थानं घरी जाऊन सोफियाच्या रोजच्या जीवनावर लेख लिहिला. बिल्यानानं तो खिडकीशी बसून आम्हाला वाचून दाखवला. आमच्या पिवळ्या विटांचे रस्ते, पहाटेची चीज भरलेली गरम बनित्सा, ट्रामची घंटा, सगळं होतं. शेवटी लिहिलं होतं, की या शहरात वृद्ध माणसं बुटांच्या नाडीत वसंताचा धागा बांधतात, पावलांना घरची वाट सापडावी म्हणून.

"अगं, हे त्याला कुणी सांगितलं?" रुमेना म्हणाली.

"कुणी नाही, मावशी. त्यानंच जुळवलं. पण किती छान आहे ना?"

रुमेनानं ते वाक्य पुन्हा वाचून घेतलं. मग म्हणाली, "खोटं तरी कुठे आहे?" तिला मनातून बरंच वाटलं होतं. मीही त्या दिवशी कुणाशी भांडलो नाही. तिथेच आमचं चुकलं.

यंदा मार्च उजाडला तो ओल्या बर्फात. दोन तारखेला सकाळी मी बियांसाठी खिडकीशी गुडघे टेकले होते. तेवढ्यात पिवळी छत्री आली. मागे तीसेक माणसं. मी सहज खाली पाहिलं आणि थबकलो. प्रत्येकाच्या बुटाच्या नाडीत तांबडा-पांढरा धागा. सहलीच्या सुरुवातीलाच बिल्याना तो सगळ्यांना वाटत होती. लेख वाचून आलेले लोक, मागूनच घेत होते.

"बिल्याना! अक्कल गहाण ठेवलीस का?" मी तसाच गुडघ्यांवर बसून ओरडलो. "हा खेळ आहे का?"

"काका, रागावू नका ना. लोकांना आवडतंय, कुणाचं काय बिघडतंय त्यात?"

"काय बिघडतंय? तुझ्या बापाला विचार! काढायला सांग ते धागे, आत्ताच्या आत्ता!"

मी तिला लहानपणापासूनचं सगळं ऐकवलं. ती माझ्यासमोर भिंतीला टेकून, पडेल चेहऱ्यानं छत्री मिटत उभी. आणि आतून रुमेनाचा आवाज येत होता, "ल्यूबेन! ल्यूबेन!" तिला दिसत होते ते सगळेच बूट ल्यूबेनचे. ती प्रत्येक जोडीला हाक मारत होती. प्रवासी खूश झाले. कुणी वाकून हात हलवला, कुणी हसून उलट म्हणालं, "ल्यूबेन! ल्यूबेन!" त्यांना वाटलं, म्हातारी स्वागत करतेय.

"मेतोदी, आहे का रे तो त्यांच्यात? अरे, बघ ना! मला काही कळत नाहीये!"

मी मागे वळून पाहिलं. नव्हता. घोळका पुढे सरकला तेव्हा ताज्या बर्फात इतकी पावलं उमटली होती, की त्यातली कुठली त्याची, हे सांगणं कुणाच्याही बापाला शक्य नव्हतं. पुढे चौकातल्या फुलवालीनं सांगितलं, ल्यूबेन त्याच वेळी गेला होता. माझ्या पाठीमागून. रस्त्याकडे पाठ करून मी त्याच्याच धाग्यासाठी भांडत होतो आणि तो दोन हातांवरून निघून गेला. हे मी अजून रुमेनाला सांगितलेलं नाही. तिला ठाऊक असणार.

चौदा पायऱ्या चढून ती वर आली, अंगात नुसता झगा. आम्ही झऱ्यावर गेलो. लोक कॅन भरत होते, वाफ निघत होती, ल्यूबेन नव्हता. बिल्यानानं प्रवाशांना तिथेच सोडलं आणि रडत रडत बाजार पालथा घातला. दिवस मावळताना ट्रामच्या शेवटच्या थांब्यामागे तो सापडला. चिखलात बसला होता, पायात फक्त मोजे. बूट काढून बाजूला नीट जुळवून ठेवलेले, घराच्या उंबऱ्याशी ठेवावेत तसे. धागा त्यातच होता.

त्याच्या उजव्या पायाची गोठलेली दोन बोटं डॉक्टरांना काढावी लागली. मुलीनं फोनवर आकांत केला. रुमेनानं सगळं ऐकून घेतलं, पण वृद्धाश्रमाला नाहीच म्हणाली. तिनं दुकानच बंद केलं. आता खिडकीवर फळी आहे आणि मी बिया दुसरीकडून आणतो. तिथे काउंटर आहे, उभ्या उभ्या मिळतात.

एप्रिलमध्ये अंगणातल्या आलुबुखाराच्या झाडाला फुलोरा आला. धागे झाडाला बांधायचे दिवस. त्या सकाळी रुमेना ल्यूबेनला घेऊन फाटकातून निघाली. तो काठी टेकत लंगडत होता, तिच्या एका हातात पाण्याचा डबा. तिच्या दुसऱ्या मनगटाला तांबडा-पांढरा धागा होता, आणि त्याचं दुसरं टोक त्याच्या मनगटाला.

"कुठे चाललीस?" मी विचारलं.

"झऱ्यावर. हे म्हणतात, घरी बायको चहासाठी खोळंबलीय."

"काय करणार, मेतोदी," ल्यूबेन म्हणाला. माझं नाव त्याला आठवलं. "ही बाई भली आहे म्हणून सोबत येते."

रुमेनानं माझ्याकडे पाहिलं नाही.

चौकात बिल्यानाचा घोळका उभा होता. एका बाईनं लगेच कॅमेरा उचलला आणि काहीतरी विचारलं. काय विचारलं ते कळायला भाषा येण्याची गरज नव्हती. बिल्यानानं छत्री खाली घेतली.

"काय सांगितलंस त्यांना?" मी नंतर विचारलं.

"सांगितलं की पद्धत नाही, काका. नवरा-बायको आहेत."

"मग?"

"तरी त्यांनी फोटो काढला."

मी दोघांना वळणापर्यंत जाताना पाहिलं. माझं कशावरही भांडण उरलं नव्हतं, ओरडायलाही कुणी सापडत नव्हतं. लोकरीचा धागा आहे तो, एका हिसक्यात तुटतो. रुमेनाला ते माझ्याहून चांगलं ठाऊक आहे. म्हणून ती त्याच्या पावलाला पाऊल लावून चालत होती, आणि धागा कुठेही ताणला जाणार नाही इतका हात जवळ धरत होती.