दारावरचं नाव

नौपाड्यात माझ्या दवाखान्याच्या खाली पाट्या करणाऱ्या काकांचं दुकान आहे. माझी पाटी त्यांनीच केलेली. पाटी झाली की ते फुंकर मारून भुसा उडवतात आणि नाव दोनदा मोठ्याने वाचतात, जणू हाक मारली की तो माणूस बाहेर येणार आहे.

घोडबंदरला शूटिंग चालतं, तिथल्या सेटवरच्या पाट्याही तेच करतात. परवा मी खाली उतरले, तेव्हा मालिकेतल्या हॉस्पिटलच्या दारांवरच्या सहा पाट्या न्यायला सेटवाला आलेला. नावं काहीही घाला, असं त्यानेच सांगितलेलं. काकांनी सहाही बायकांची घातली होती. सर्जन, हृदयरोगतज्ज्ञ, अधीक्षकसुद्धा.

"सगळ्या लेडीजच?" सेटवाल्याने विचारलं.

"मागच्या वेळी सगळे जेन्ट्स होते. तेव्हा नाही विचारलंत."

त्याने घड्याळ बघितलं आणि पाट्या उचलल्या.

तो गेल्यावर मी म्हटलं, "काका, टीव्हीवर नटांच्या मागे दिसणाऱ्या दारावरचं नाव कोण वाचतं?"

"वाचायला कशाला पाहिजे? नजरेला सवय झाली तरी पुष्कळ. तुमच्या जिन्यात लोक काय विचारतात ते मी रोज ऐकतो ना."

मी हसून वर निघाले. जिन्यात एक आजोबा बसले होते. "सिस्टर, डॉक्टर कधी येणार?"

मी तोंड उघडायच्या आत खालून काकांचा खणखणीत आवाज आला. डॉक्टरपासून डिग्रीपर्यंत माझं पूर्ण नाव, दोनदा.