दोन शिंगांची कुंची

थापा मारण्यात माझा हात धरणारा पंचक्रोशीत नाही. माझ्या नाटकासाठी समुद्रातून वर येणारी घोरंबे नावाच्या राक्षसांची जात मीच पैदा केली. ताडाएवढे उंच, डोक्यावर दोन शिंगं, न्याहारीला अख्खं गाव लागतं, आणि सगळेच्या सगळे जन्मतः दुष्ट! नाटकाच्या शेवटी नायक त्यांचं बेट जाळतो, तेव्हा टाळ्यांनी मांडव उडून शेजारच्या तालुक्यात पडतो.

आज सकाळी पोशाख आणायला सुलभाताईंच्या शिवणाच्या दुकानात गेलो. घोरंब्यांचे काळे अंगरखे खुंट्यांवर टांगलेले. शेजारी त्याच कापडाची, तान्ह्या बाळाच्या मापाची एक इवलीशी कुंची होती. शिंगांसाठी दोन भोकं, टोचू नयेत म्हणून कडा दुमडून शिवलेली.

"हे काय, ताई?"

"कापड उरलं, शिवून टाकलं. का हो, तुमच्या घोरंब्यांना पोरं होत नाहीत?"

"होतात की. तीही दुष्टच!"

"पाळण्यातच? अगंबाई!"

मी तोंड उघडलं, पण थाप सुचेना. पंख्याच्या वाऱ्यानं कुंची जराशी वळली, आत कुणी मान फिरवावी तशी. माझ्या ताडाएवढ्या उंचीला, अख्ख्या गावाच्या न्याहारीला लोक हसतात, "काहीतरीच तुमचं!" म्हणतात. 'सगळेच दुष्ट' ही थाप मात्र कुणालाच थाप वाटली नाही. उद्या मी त्यांची शिंगं काढून त्यांना साधी माणसं केलं, तरी टाळ्या तेवढ्याच पडतील.

संध्याकाळी प्रयोग आहे. पुठ्ठ्याच्या बेटाला काडी मीच लावतो. काडेपेटी खिशात आहे. त्याच खिशात सकाळी ताईंकडून आणलेली कुंचीही आहे, आणि हात घालायची छाती होत नाही.