चार कोपरे नखाखाली

कौसल्या कापडाच्या तुकड्यांवर पालथी पडली तेव्हा मी तिच्यासमोरच बसले होते. आंजी गावात तिच्या ओसरीवर आम्ही दोघी तिच्या नातीच्या होणाऱ्या बाळासाठी दुपटं जुळवत होतो. तिनं चौकोन मांडले, मागे सरकून पाहिले आणि म्हणाली, "सिंधू, तो निळा फिरव. धागा आडवा आला त्याचा." मी म्हटलं, "तुले बसल्या जागी धागा दिसते, मले तं तुकडाई नीट दिसत नाई." ती हसली नाही. निळ्या तुकड्याकडे हात लांबवला आणि तशीच पुढे गेली... मी हाका मारल्या, तिची सून रेखा आतून धावत आली, शेजारपाजारचे जमले, गाडी आली. माणसांच्या पायांनी तुकडे अंगणभर झाले. वर्ध्याच्या वाटेवरच कौसल्या संपली.

ती गोड बाई नव्हती. लग्न होऊन या गावात आले तेव्हापासूनचा आमचा शेजार, पण तिच्या तोंडून कौतुक म्हणून मी कधी ऐकलं नाही. हिंगणीपासून पिपरी मेघेपर्यंतच्या बाया जुनी लुगडी, साड्या घेऊन तिच्याकडे यायच्या. नवं कापड दिसलं की ती आधी भिजवून वाळवायची, नाही तर पहिल्याच धुण्यात ते आटतं आणि शेजारचा तुकडा ओढतं. कडेला जरासं फाडून धागा कुठे धावतो ते पाहायची. तेलाच्या डब्याचा एक चौकोनी पत्रा घासून तिनं माप केलं होतं, ते उशीखाली असायचं. शिवणीला जागा ज्वारीच्या दाण्याएवढी, कमी नाही, जास्त नाही. शिवण निखारे घातलेल्या गरम तांब्यानं दाबायची, घासायची नाही, घासलं की कापड ताणतं. एका ओळीच्या शिवणी डावीकडे दुमडायच्या, खालच्या ओळीच्या उजवीकडे, म्हणजे त्या एकमेकींना अडतात आणि सरकत नाहीत. मग चार तुकडे मिळतात तिथे ती डोळे मिटून अंगठ्याचं नख टेकवायची. चारही कोपरे नखाखाली आले तर ठीक, नाही तर उसव.

आणि एक तिचा कायदा होता. कापलेल्या तुकड्यावरून दुसरा तुकडा कापायचा नाही. साबणाची रेघ मापाच्या बाहेरून पडते, तुकडा तेवढा वाढतो. त्यावरून दुसरा, दुसऱ्यावरून तिसरा केला की शेवटचा तुकडा पहिल्याचा बाप होतो. आमच्या बचत गटातल्या बायांनी एकदा घरोघर तुकडे फिरवून अशी गोधडी केली. कड झालरीसारखी लोंबली. कौसल्या म्हणाली, "वाकय शिवली का घागरा, बाई?" त्यातल्या काही जणी तिच्याशी बरेच दिवस बोलल्या नाहीत. तिला फरक पडला नाही. तिच्यासारखी दुसरी आजूबाजूला नाही, असं मी तिला एकदा तोंडावर सांगितलं होतं. म्हणाली, "माहीत हाय मले."

आमच्याकडे मेलेल्या माणसाचं अंथरूण शिवेबाहेर टाकतात. गोधडी, उशी गेली, उशीखालचा पत्राही गेला. रेखानं चिखलानं भरलेले तुकडेही गाठोड्यात बांधून दाराशी ठेवले होते. मी गाठ सोडली.

"काकू, याच्यावर जीव गेला त्यायचा. लेकराच्या अंगाखाली कसं घालू मी?"

"जीव तिच्या अंगातून गेला, कापडातून नाई. हे तिचं अंथरूण नाई रेखा, तिचं काम हाय."

ती वाईट पोरगी नाही. भ्याली होती. म्हणाली, "न्या तुमच्या घरी. पण पल्लवीले दाखवजा नका." पल्लवी म्हणजे तिची लेक, पहिलटकरीण, माहेरी यायची होती.

मी तुकडे धुतले. काही फाटले होते, काही हरवले. माप नव्हतं. कौसल्यानं पत्र्यावरून कापलेला एक चांगला तुकडा निवडला, त्याला लाल दोरा बांधला आणि उणे पडलेले सगळे त्याच एकावरून कापले, रेघेच्या आतून. मधला चौक पहिल्यांदा बसला नाही, दोन कोपरे सरकले. पाहणारं कोणी नव्हतं. तरी उसवलं. दुसऱ्यांदा बसला.

पल्लवी माहेरी आली आणि दुसऱ्याच दिवशी माझ्या दारात. दुपटं खाटेवर होतं.

"आजीचं हाय नं हे?"

"हो. याच्यावरच पडली ते. तुही माय नाई म्हणते. तुले नको असन तं मी पांघरीन."

रेखा तिच्यामागे उंबऱ्यावर उभी होती. पल्लवीनं दुपटं उलटं केलं, मागच्या शिवणी पाहिल्या, मग सरळ करून मधोमध नख टेकवलं. तिच्या आजीसारखंच, डोळे मिटून.

"बसलं," ती म्हणाली. "हे माह्या लेकराचं हाय. कोनाले देजो नको."

मुलगी झाली. आता ते दुपटं रोज त्यांच्या ओसरीवरच्या दोरीवर असतं. रेखाच ते धुते, झटकते आणि रंग उडू नये म्हणून सावलीत वाळत घालते. कोणते तुकडे कौसल्यानं कापले आणि कोणते मी, तिला ओळखू येत नाही. मी जाता येता शोधते, मलाही सापडत नाहीत. त्या दुपारी त्या ओसरीवर आम्ही दोघी होतो. त्यातली आता मी उरले आहे.