आडावरची धडधड

आमच्या ह्यांना डॉक्टरांनी नापास केलेलं नव्हतं. हे घरात सांगून सांगून माझं तोंड दुखलं. रेल्वेत तारबाबूची जागा मिळत होती, बाकी सगळं पार पडलं होतं, राहिली होती ती तपासणी. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, बैठका मारायला लावल्या, पुन्हा नळी लावली, थोडं थांबून आणखी एकदा लावली आणि म्हणाले, "ठोके खाली यायला फार वेळ घेतायत. महिन्यानं परत या." एवढंच. पण हे टांग्यातून उतरले ते आजारी माणूस होऊनच.

सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. मामंजी कचेरीतून पेन्शनीत निघालेले, त्यांना दिवसातून एखादा हुकूम सोडल्याशिवाय चैन पडायचं नाही. त्यांनी हुकूम सोडला, "छाती धडधडते म्हणजे ती कमजोर आहे. महिनाभर अंथरुणावरून उठायचं नाही." झालं! तिशीही न गाठलेला धडधाकट माणूस माजघरात गादीवर आडवा. सकाळी मोरावळा, दुपारी तूपभात, संध्याकाळी शिरा. आणि शिरा पोटात गेल्या गेल्या मामंजी यायचे, "दोन बैठका मार बघू," म्हणायचे आणि अंगठ्यानं नाडी धरून डोळे मिटायचे. अहो, अंगठ्याला स्वतःचेच ठोके असतात! कुणाची नाडी बघत होते देव जाणे. पण रोज मान हलवून म्हणायचे, "अजून धडधडतेय. अजून विश्रांती हवी."

माझ्या जिवाचा नुसता संताप व्हायचा. कारण मला माहीत होतं. माझे वडील अक्कलकोटला शाळामास्तर, रोज पहाटे सूर्यनमस्कार घालायचे. लहानपणी मी त्यांच्या छातीवर हात ठेवून बघत असे. त्यांनी सतरंजी अंथरली, की एकही नमस्कार व्हायच्या आधी ठोके वाढलेले असायचे. मला त्याची फार गंमत वाटे. वडील म्हणायचे, "काम आहे हे छातीला कळतं गं, म्हणून ती आधीच तयारीला लागते." पहिल्या काही नमस्कारांत ती जोरात धावायची, कारण हातापायांना एकदम जास्त रक्त लागतं. मग एका चालीवर यायची आणि थांबल्यावर हळूहळू खाली उतरायची. जेवून कधी नमस्कार घालायचे नाहीत. रक्त तेव्हा पोटाच्या कामात असतं म्हणायचे. आणि संपल्यावर मटकन बसायचं नाही, अंगणात फेऱ्या मारायच्या, हा त्यांचा नियम.

म्हणजे धडधडणं हा आजार नव्हताच. सवय नसलेली छाती लवकर शांत होत नाही, एवढीच डॉक्टरांची तक्रार होती, आणि तिच्यावर आमच्या घरानं उपाय काय शोधला, तर उरलीसुरली सवयसुद्धा मोडायची! मी सासूबाईंमार्फत मामंजींना सांगून पाहिलं. सासऱ्यांशी समोरासमोर बोलायची तेव्हा सोय नव्हती. उत्तर आलं, "तिला म्हणावं, पोळ्या लाट." ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "तुझ्या वडिलांची छाती वेगळी, माझी वेगळी." कपाळ माझं!

आणि मला ती जागा हवी होती. स्पष्टच सांगते, हव्यासानं हवी होती. केम स्टेशनावर रेल्वेचं क्वार्टर मिळणार होतं, एक खोली, एक स्वयंपाकघर आणि स्वतःचं दार. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि नवऱ्याशी सलग दहा वाक्यं बोलायची तर मला देवळात जायचं निमित्त काढावं लागे. हा महिना लोळण्यात गेला असता, तर जन्मभर त्याच माजघरात पोळ्या लाटायच्या होत्या.

अशात मी विटाळशी बसले. ते चार दिवस मागच्या पडवीत घोंगडीवर बसायचं, कशाला शिवायचं नाही. घरचं पाणी एरवी मीच आडातून ओढायची. माझ्या अडचणीच्या दिवसांत गल्लीतल्या एक बाई येऊन भरून देत, त्या नेमक्या लेकीच्या बाळंतपणाला गेलेल्या. सासूबाईंचा खांदा धरलेला. मामंजींना अंतर्गळाचा पट्टा. शेजारच्या विणकराघरच्या बाई आनंदानं भरून देत्या, पण त्यांच्या हातचं पाणी सासूबाईंना कुठलं चालायला! आणि सोलापूरचा उन्हाळा, आड खोल गेलेला. दुपारपर्यंत सगळे एकमेकांची तोंडं बघत होते. शेवटी हे उठले.

पडवीतून मला आड समोर दिसायचा. पोहरा आत सोडायच्या आधीच ह्यांचा हात छातीवर. दोन घागरी भरल्या तोवर तोंड लालबुंद, श्वास भात्यासारखा, आणि हे आडाच्या कठड्यावर बसायला लागले. मामंजी ओरडले, "बस, बस, आडवा हो!" मला राहवलंच नाही. मी घोंगडीवरून उठून ओरडले, "बसू नका हो, चालत राहा!" सासऱ्यांसमोर! सासूबाईंचा हात तोंडाशी गेला. शेजारच्या बाई भिंतीवरून डोकावून म्हणाल्या, "अगं बाई, तुमचा मालक पाणी वडतोय की!" हे मात्र घाबरून का होईना, चालले.

दुसऱ्या दिवशी निम्मं पाणी भरल्यावर थांबले. तिसऱ्या दिवशी न थांबता हंडा भरला. चौथ्या दिवशी कसलं तरी पद गुणगुणत होते. कपाळावर घाम, तळहात लाल, आणि दोन फेऱ्यांत श्वास जागेवर. मी नुसती बघत राहिले. पाचव्या दिवशी मी न्हाले, दोर माझ्या हातात आला आणि हे पुन्हा गादीवर. मला रडू आलं, रागानं.

दहाबारा दिवसांनी, डॉक्टरांची तपासणी तोंडावर आलेली असताना, मी पुन्हा पडवीत जाऊन बसले. सासूबाई चक्रावल्या. "अगं, आत्ताच तर झाली होतीस!" मी म्हटलं, "उष्णता, दुसरं काय." खोटं, साफ खोटं. आणि पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा बोलेन. त्यांनी बिचाऱ्यांनी लांबून सब्जाचं पाणी सरकवलं. पाणी भरणाऱ्या बाई अजून लेकीकडेच होत्या, म्हणून दोर पुन्हा ह्यांच्या हातात गेला. त्या खेपेला मी चाराचे सहा दिवस केले. पडवीचे पत्रे भट्टीसारखे तापायचे आणि मी घोंगडीवर बसून रहाटाचा आवाज ऐकत असे.

हे डॉक्टरांकडे जाऊन आले ते हसतच. म्हणाले, "नळी लावायच्या आधीच धडधडायला लागली होती, पण मी म्हटलं, धडधडू दे, होते शांत. बैठका मारल्या, आणि झाली शांत! डॉक्टर म्हणाले, पास." मामंजींनी मिशीवरून हात फिरवला. "बघितलंस? मोरावळा आणि विश्रांती." सासूबाईंनी मान डोलावली. आणि ह्यांनी, ह्यांनीसुद्धा मान डोलावली! मी स्वयंपाकघरात जाऊन पातेलं इतक्या जोरात आपटलं की त्याला पोचा आला.

आठवड्याभरात आम्ही केमला आलो. क्वार्टर लहान, पण दार माझं. विहीर लाइनीपलीकडे, आणि तिच्यावर सगळ्या स्टेशनाची वर्दळ. पहिल्याच सकाळी मी दोर आणि पोहरा आणून ह्यांच्यापुढे ठेवला.

ह्यांनी दाराबाहेर कुणी आहे का ते बघितलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "अगं, पण आज तू... आज तुझी अडचण आहे का?"

"आज नाही," मी म्हटलं, "आणि मागल्या खेपेलाही नव्हती."

मी जागची हलले नव्हते, तरी माझीच छाती अशी धावत सुटली की कानांत ठोके ऐकू येत होते. ह्यांना सगळं उलगडायला जरा वेळ लागला. कठडा, फेऱ्या, सब्जाचं पाणी, सगळं चेहऱ्यावर एकेक करून आलं. मला वाटलं, आता भडकतील.

ह्यांनी दोर उचलून खांद्यावर टाकला.

"किती घागरी लागतात रोज?" त्यांनी विचारलं. चार वर्षांत पहिल्यांदाच विचारलं.