विषय: निळा डबा कोणाचा?

आमच्या थोरल्या नातीला घरात सगळे भिंगरी म्हणतात. नाव तिच्या आजीने ठेवलं, पोर रांगायला लागली तेव्हा. सतरंजीवर ठेवावी आणि पाण्याचा तांब्या घ्यायला वळावं, तर ही पलंगाखाली. आता ती नोकरी करते, स्वतःच्या पगारातून आजीला चपला आणते, पण नाव बदलावं असं तिच्या हातून अजून काही घडलेलं नाही. चहा उभ्याने, जेवण फेऱ्या मारत, आणि डाव्या हातात कायम फोन. त्या फोनवर एक लाल ठिपका असतो, त्यात न वाचलेल्या मेलचा आकडा. आकडा वाढला की हिचा पाय हलायला लागतो, पाय हलला की टेबल हलतं, आणि माझा चहा बशीत येतो.

ती लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत आहे. मेकॅनिक इमारतीत जाऊन बघतो काय जळलं, काय तुटलं. तो भिंगरीला कळवतो. भिंगरी साहेबांना मेल करते. साहेब 'मंजूर' असं उत्तर देतात, मग स्टोअरवाले काका कुलूप काढून सामान हातात ठेवतात. साहेबांचा एक दंडक आहे, तोंडी काही चालणार नाही. कधी तरी कोणी फोनवर 'हो' ऐकून भलतीच मोटर नेली आणि भलत्याच इमारतीत बसवली, तेव्हापासून साहेबांनी कानाला खडा लावला. फोन केला तरी ते एवढंच म्हणतात, "लिहून पाठव," आणि ठेवून देतात.

आता लिहून पाठवायचं म्हणजे काय, हे मला गावच्या शाळेत मास्तरांनी छडी हातात घेऊन शिकवलं होतं. वर तारीख, मग मायना, मग मजकूर, आणि एका पत्रात एकच काम. आमच्या वडिलांच्या एका मामांना हे कोणी शिकवलं नसावं. त्यांचं पत्र यायचं दोन पानी. हवापाणी, खोकला, शेजाऱ्याची कुरकुर, सगळं सविस्तर, आणि तळाला ता.क. म्हणून बारीक अक्षरात, 'उद्या सकाळी सहकुटुंब येत आहे.' एकदा वडील पहिल्याच पानावर खोकला वाचत होते आणि मामांची गाडी अंगणात उभी.

भिंगरीच्या ऑफिसात सगळेच असे मामा. तिथे नवी मेल कोणी लिहीतच नाही. मागे एकदा कोणीतरी सगळ्या ऑफिसला विचारलं होतं, 'फ्रीजमधला निळा डबा कोणाचा? वास येतोय.' त्यावर झाडून सगळ्यांनी सगळ्यांना उत्तर दिलं, माझा नाही, माझाही नाही. तेव्हापासून ती मेल अमर झाली. तिच्यात साहेबांचा पत्ता आहे, स्टोअरचा आहे, मेकॅनिकांचा आहे. मग एकेक पत्ता शोधत कोण बसणार? तीच मेल उघडायची, उत्तराचं बटण दाबायचं आणि आपलं घोडं दामटायचं. सुट्टीचा अर्ज, मोटरचं तेल, तारेच्या दोराचं बंडल, सगळं निळ्या डब्याखाली.

"अगं, पण विषय तरी बदलावा," मी एकदा म्हटलं.

"आजोबा, विषय कोण वाचतं?" ती दारात एक चप्पल घालत म्हणाली. दुसरी तिने जिन्यात घातली असावी.

जिन्यात म्हणजे खरंच जिन्यात, कारण आमचीच लिफ्ट बंद पडली होती. आम्ही तिघं राहतो सहाव्या मजल्यावर. मी, माझी ही, आणि भिंगरी. मेकॅनिक येऊन गेला, म्हणाला कार्ड जळलंय. लिफ्टचा मेंदू म्हणजे हे कार्ड, हाताच्या पंजाएवढं. ते बदललं की तासाभरात लिफ्ट सुरू. आणि नेमकं गुरुवारी सकाळी हिच्या डोळ्याचं ऑपरेशन. या तारखेसाठी आम्ही किती महिने थांबलो ते आम्हाला माहीत. चुकली तर पुढची तारीख कधी, हे त्या दवाखान्यातली बाई सांगायलाच तयार नव्हती. हिचे गुडघे असे की बाथरूमपर्यंत जायचं तरी भिंत लागते. शेजारचे लोक म्हणाले, खुर्चीत बसवून उचलून नेऊ.

"मी काय कपाट आहे?" ही म्हणाली. "चौघांनी धरायचं, वळणावर आपटायचं आणि वर म्हणायचं, जरा डावीकडे घ्या! मी नाही येणार."

"आजी, तू काळजीच करू नकोस," भिंगरी म्हणाली. "मी मेल टाकलीये. आपल्याच कंपनीचं काम आहे, उद्या कार्ड येतंय."

उद्या आला, गेला. कार्ड नाही. भिंगरीने आठवण पाठवली. मग आठवणीची आठवण पाठवली. रात्रीच्या जेवणात तिचं लक्ष नाही, घास हातात आणि अंगठा फोनवर. खाली ओढायचं, सोडायचं, पुन्हा खाली ओढायचं. विहिरीत पोहरा टाकून बघावा तसं. मेल यायच्या, पण कसल्या! 'धन्यवाद.' 'नोंद घेतली.' 'हे मला का पाठवलंय?' ती उघडायची, "हे नंतर बघू," म्हणायची आणि मिटायची. उघडलेली मेल वाचलेली ठरते, मग ती गाळात जाते. मंगळवारी ती आरशासमोर केस विंचरता विंचरता थांबली, फोन बघितला आणि तशीच अर्ध्या केसांनी ऑफिसला गेली.

ही खिडकीत बसून म्हणाली, "तुमच्या नातीचे साहेब आंधळे आहेत की काय? मग त्यांनाच द्या माझी तारीख."

बुधवारी भिंगरी चष्मा विसरली. मला निमित्तच हवं होतं. घरात बसून माझाही जीव वरखाली होत होता. सहा मजले उतरलो, बस धरली आणि तिचं ऑफिस गाठलं. पुढे टेबलं, मागे जाळीचं दार, जाळीपलीकडे लोखंडी मांडण्या. तारेच्या दोराची भेंडोळी, बटणांच्या पट्ट्या, आणि सगळ्यावर ग्रीसचा वास. जाळीच्या तोंडाशी स्टोअरवाले काका स्टुलावर बसलेले, गळ्यात किल्ल्या.

"काका, ते कार्ड आहे ना आत?" भिंगरी त्यांना विचारत होती.

"आहे की. दिसतंय इथून."

"मग द्या ना. आजीचं उद्या ऑपरेशन आहे हो."

"मंजुरी दाखव, लगेच देतो. माझी आजी असती तरी हेच सांगितलं असतं."

"तुमच्या आजीच्या काळी लिफ्टच नव्हती हो काका!"

काका हसले, पण किल्ल्या हलल्या नाहीत. तेवढ्यात साहेब आत आले. थेट प्रवासातून, खांद्याला बॅग, डोळे तांबारलेले. भिंगरी त्यांच्यासमोर अशी उभी राहिली की त्यांना खुर्चीपर्यंत पोचताच येईना.

"सर, तुम्ही माझ्या मेलला उत्तर का देत नाही?"

"कुठल्या मेलला? तुझी एकही मेल नाही आलेली."

"मी तीन वेळा पाठवलीये!"

साहेबांनी बॅग खाली ठेवली, फोन काढला, बघितलं. "तुझ्याकडून शेवटची आली ती निळ्या डब्याची."

"तीच!"

"तीच म्हणजे? गेल्या आठवड्यात त्या डब्यावरून पुन्हा भांडण पेटलं, कोणी धुवायचा म्हणून. मला बैठकीत बसल्या बसल्या पन्नास मेल. मी सरळ सोय करून टाकली. निळा डबा दिसला की मेल आपोआप कचऱ्यात."

मी चष्म्याची डबी हातात घेऊन उभा होतो. भिंगरीचा पाय हलायचा थांबला. तिचा पाय थांबलेला मी बहुतेक पहिल्यांदाच पाहिला, आणि मला ते मुळीच बरं वाटलं नाही.

"सर," ती हळूच म्हणाली, "त्या डब्याखाली फक्त आमची इमारत नाहीये."

ती खुर्चीत बसली नाही, टेबलावर वाकूनच कचरा उपसू लागली. गेल्या आठवड्यापासूनच्या सगळ्या मागण्या तिनेच त्या मेलमध्ये घातल्या होत्या. एक इमारत निघाली, दुसरी निघाली, तिसरी, आणि शेवटी आमची. प्रत्येक ठिकाणी लोक तिच्या नावाने बोटं मोडत जिने चढत होते, आणि ती मात्र घरी साहेबांच्या नावाने बोटं मोडत होती.

मग तिने नव्या मेल लिहिल्या. प्रत्येक इमारतीची वेगळी. मी मागून वाचत होतो. वर विषयात इमारत आणि अडलेलं काम. खाली तीनच ओळी, काय हवं, कधीपर्यंत हवं, आणि 'आपण फक्त मंजूर असं उत्तर द्यावं.' ना हवापाणी, ना खोकला. साहेब पलीकडच्याच टेबलावर होते, तरी लेखी म्हणजे लेखी. टिंग, मंजूर. टिंग, मंजूर. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

काकांनी जाळी उघडली. एका इमारतीला दरवाजाचे रूळ हवे होते, ते मिळाले. दुसरीला बटणं. पण कार्ड दोन इमारतींना हवं होतं आणि मांडणीवर एकच. दुसरं कंपनीच्या मोठ्या गोदामातून यायला आठवडा.

"पहिली मागणी कोणाची?" साहेबांनी विचारलं.

भिंगरी जाळीपासून दारापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली.

"शिंप्याच्या इमारतीची," ती म्हणाली. "आठवा मजला. पायाला प्लास्टर आहे त्याच्या. गिऱ्हाइकं खालून हाका मारतात आणि तो गॅलरीतून कपडे खाली सोडतो."

"हे बघ, तुझ्या आजीचं ऑपरेशन आहे. घेऊन जा कार्ड, मी लिहून देतो."

तिने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. माझ्या डोळ्यांसमोर माझी बायको होती, शिंपी नव्हता. भिंगरी आणखी एक फेरी मारून आली आणि कार्ड उचलून मेकॅनिकच्या हातात दिलं. "शिंप्याकडे जा. पळ! मी विचार बदलायच्या आत पळ."

बसमध्ये ती सबंध वेळ उभी होती, जागा असून.

घरी येऊन तिने आजीला सगळं एका दमात सांगितलं, डब्यापासून शिंप्यापर्यंत. ही ऐकत होती. मी मनात म्हटलं, आता वाफ निघणार.

"म्हणजे चूक तुझी," ही म्हणाली.

"हो."

"आणि कार्ड त्याला दिलंस."

"हो. आजी, तू मला मार, पण बोल काहीतरी."

"मारायला हात वर जायला हवा ना." ही गुडघे चोळू लागली. "उतरते मी. माझ्या पायांनी. पण मधे मधे टेकायला लागेल, आणि पायरीवर मी बसणार नाही. बसले की उठता येत नाही."

भिंगरीने फोन घेतला. इमारतीतल्या सगळ्यांचा मिळून मेलचा एक पत्ता आहे, त्यावर सहसा गाडी कोणी आडवी लावली एवढंच येतं. तिने विषय लिहिला, 'उद्या सकाळी सातला दाराबाहेर एक खुर्ची ठेवा.' खाली दोनच ओळी. आजी जिन्याने दवाखान्यात जाणार आहे, प्रत्येक मजल्यावर टेकायला लागेल. उत्तर देऊ नका, फक्त ठेवा.

तरी उत्तरं आलीच. लोक कुठे ऐकतात! 'ठेवतो.' 'आम्हीही.' 'हाताची चालेल की बिनहाताची?' भिंगरी प्रत्येक टिंगला दचकत होती आणि ही विचारत होती, "कोण आहे? काय म्हणतोय?"

सकाळी दार उघडलं. पाचव्या मजल्यावर चाकांची खुर्ची, ती हिने हाताने ढकलून बघितली आणि म्हणाली, "ही मला थेट खाली पोचवेल, नको," आणि नुसती धरून उभी राहिली. चौथ्यावर गुबगुबीत कोच, चक्क कोच, दोघांनी ओढून आणलेला. त्यातून हिला उठवताना मला घाम फुटला. तिसऱ्यावर शाळकरी पोराची बुटकी खुर्ची, पण मागे त्याची आई पाण्याचा पेला घेऊन उभी. भिंगरी दोन पायऱ्या पुढे, तोंड आमच्याकडे, उलटी उतरत. "आता डावा. आता उजवा. आजी, श्वास घे."

"घेतेय गं. तू घे."

वेळेत पोचलो. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, छान झालं, आता धक्का लागू द्यायचा नाही, वाकायचं नाही, शांत घरी जा. डोळ्यावर पट्टी बांधून ही टॅक्सीत बसली आणि मी इतका खूश झालो की टॅक्सीवाल्याला मामांची आणि ता.क.ची गोष्ट सांगितली.

इमारतीच्या दारात उतरलो आणि जिन्याकडे बघितलं. पहिल्या मजल्याचा कठडा दिसत होता. खुर्ची नव्हती. लोकांनी आपापल्या खुर्च्या आत नेल्या होत्या. बरोबरच होतं. मेलमध्ये सकाळी सात एवढंच लिहिलेलं. परत यायचं कोणीच लिहिलं नव्हतं.

"काय झालं? थांबलात का?" पट्टीमागून ही म्हणाली.

"काही नाही, आजी. एक मिनिट." भिंगरीने भिंतीला पाठ टेकली आणि लिहायला लागली. दोनदा खोडलं. "आत्ता दुपारची घरात असतील का गं माणसं?"

"नसतील तर बसते की मी इथे. मला कुठे जायचंय?" ही माझा दंड घट्ट धरून म्हणाली. "तू विषय नीट लिही म्हणजे झालं."

टिंग वाजलं, मेल गेली. आम्ही तिघं माना वर करून जिन्याच्या पोकळीत कान लावून उभे राहिलो. बराच वेळ काही नाही. मग कुठेतरी वर, कितव्या मजल्यावर ते कळलं नाही, कडी निघाली आणि फरशीवरून काहीतरी ओढल्याचा आवाज आला.