चांदणीच्या कामट्या

त्या वर्षी कॅलेंडरातून डिसेंबरचं पान कुणी फाडून नेलं असतं, तर मी देवाचे आभार मानले असते. दुसरं त्याच्याकडे मागण्यासारखं काही उरलंच नव्हतं. नव्वदच्या दशकाच्या शेवटच्या वर्षांतली ही गोष्ट. ऑगस्टात माझे यजमान गेले. साधी कावीळ म्हणून दवाखान्यात नेलं आणि आठ दिवसांत सगळं संपलं. ते शाळेत चित्रकला शिकवायचे, मी राजारामपुरीत एका डॉक्टरांकडे केसपेपर काढायचे. मोठी एस्तेर आठ वर्षांची, धाकटी रूथ पाचाची. दर रविवारी दोघींना घेऊन मी चर्चला जायचे, सगळ्यांबरोबर उभी राहायचे, सगळ्यांबरोबर बसायचे, पण गाण्याचा एक शब्द तोंडातून फुटायचा नाही. डोळे मिटले की प्रार्थनेऐवजी रागच यायचा. तेव्हा हे कुणापाशी बोलले नाही, आज सांगते.

दुःख तर होतंच, पण माझी खरी भीती वेगळी होती. मातीच्या दिवशी रूथ सारखी विचारत होती, बाबा कुठं गेले. चर्चच्या पाळकसाहेबांनी तिला कडेवर घेऊन सांगितलं, ‘बाबा येशूकडे गेलेत.’ त्यात काय चुकलं? आमच्यात लेकरांना असंच सांगतात, मीही मान डोलावली. पुढं नोव्हेंबरात संडे स्कूलच्या बाईंनी शिकवलं की नाताळला येशू आपल्या घरी येतो. झालं! पोरीनं दोन्हीचा मेळ घातला. एका संध्याकाळी भात कालवून भरवत होते, तर म्हणाली, “आई, मग बाबा त्याच्याबरोबरच येतील ना? येशू काय त्यांना एकटं तिकडंच ठेवून येणार?”

तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. दवाखान्यात रांग मोडणाऱ्या धटिंगणांवर खेकसणारी मी, पाच वर्षांच्या पोरीपुढं माझी दातखीळ बसली. म्हटलं, “बघू.” त्या ‘बघू’नं घात केला. दुसऱ्या दिवशी तिनं कॉटखालून बाबांच्या चपला ओढून काढल्या. दवाखान्यात नेताना त्या घरीच राहिल्या होत्या. फ्रॉकनं पुसून तिनं त्या उंबऱ्याशी मांडल्या. इतक्या लांबून बाबा अनवाणी येणार, त्यांचे पाय पोळतील, म्हणाली. त्यानंतर रोज सकाळी ती चपला पुसायची आणि मी स्वयंपाकघरात पदर तोंडात कोंबून उभी राहायचे.

मी ठरवून टाकलं, यंदा नाताळच करायचा नाही. आमच्या चर्चच्या मंडळीत तशी रीतही होती. दुःखाच्या घरी पहिल्या नाताळाला तळण करत नसत, दारात कंदिलाची चांदणी लावत नसत, आणि गाणी म्हणत घरोघर फिरणारी मंडळी चांदणी नसलेल्या दारापुढून मुकाट्यानं पुढं जायची. मला निमित्त आयतंच मिळालं. एस्तेर गप्प बसली. ती बाप गेल्यापासून गप्पच होती. रूथनं मात्र हट्टच धरला. “चांदणी नसली तर त्यांना आपलं घर कसं सापडेल? बाळ येशूला शोधणाऱ्या मागी लोकांना चांदणीमुळंच सापडलं होतं की!” दोन दिवस धड जेवली नाही. चोवीस तारखेला सकाळी पुन्हा तेच सुरू झालं, तेव्हा मी तिच्या पाठीत धपाटा घातला. बाप गेलेल्या लेकराला. ती रडलीसुद्धा नाही, नुसती माझ्याकडं बघत राहिली. त्या नजरेनं मी मेल्याहून मेले.

दुपारी अर्धी रजा टाकून मी दोघींना घेऊन बुरूड गल्लीत निघाले. यजमान दर वर्षी तिथूनच बांबूच्या कामट्या आणून घरी चांदणी बांधायचे. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. वाटेत मनातल्या मनात म्हटलं, देवा, तू कुठं असलास तर ह्या पोरीला तूच सांग. मला नाही जमत. माझ्या तोंडून हे वदवून घेऊ नकोस. त्याला प्रार्थना म्हणवत नाही. भांडणच होतं ते.

गल्लीत एक म्हातारा ओट्यावर उकिडवा बसून कोयत्यानं बांबू फोडत होता. शेजारी सुपांची आणि टोपल्यांची चळत. मी म्हटलं, “आजोबा, चांदणीसाठी कामट्या हव्यात.”

“किती लांबीच्या?”

मला सांगता येईना. दहा वर्षं नवऱ्याच्या हातची चांदणी दारात लागत होती, आणि तिची कामटी केवढी असते हे मी कधी बघितलं नव्हतं. माझा चेहरा बघून म्हाताऱ्यानं मुलींकडं पाहिलं. “ही मोठी पोरगी मागल्या साली आलीवती की! ड्रॉइंगच्या मास्तरांची मंडळी व्हय तुमी? मग इतका येळ का लावलासा, बाई?” असं म्हणून त्यानं मागून एक मोळी ओढली. गुळगुळीत तासलेल्या, एका मापाच्या कामट्या, सुतळीनं बांधलेल्या. “दिवाळीचं कंदील सरलं की पयली मास्तरांची मोळी बांधून ठेवतोय मी. दोन दिस झालं वाट बघालोय. मास्तर कुठं हायत?”

एस्तेर म्हणाली, “बाबा वारले.” ऑगस्टापासून हा शब्द तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला.

म्हाताऱ्यानं कोयता खाली ठेवला. तेवढ्यात रूथ पुढं झाली. “पण उद्या येणार आहेत. येशूबरोबर. म्हणून तर चांदणी पाहिजे.”

त्याला बिचाऱ्याला येशूचं काय ठाऊक? त्यानं माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. मग तो रूथला म्हणाला, “न्हाई, बाळ. न्हाईत यायचं बाबा.”

“अहो आजोबा!” मी ओरडलेच. पण त्याला थांबवता आलं नाही.

“माझं पोरगं गेलं, तुझ्या बाबाएवढंच हुतं. तीन दिवाळ्या त्याचं ताट वाढत हुतो मी. गेलेलं मानूस येत न्हाई, पोरी. मी लई वाट बघितलिया.”

रूथ त्याच्याकडं टक लावून बघत होती. मला वाटलं, आता ही कोसळणार. तिनं विचारलं, “मग चांदणी कशाला लावायची?”

म्हाताऱ्यानं मोळी तिच्यापुढं सरकवली. “आत मानसं हायत, हे बाहीरच्यास्नी कळाय नको व्हय? दारात अंधार दिसला की मानूस म्होरं जातंय.”

आणि मग ती रडली. चार महिन्यांत पहिल्यांदा, तोंड फाडून, हंबरडा फोडून, त्या अनोळखी म्हाताऱ्याच्या धोतरात तोंड खुपसून. त्यानं तिला रडू दिलं. पाठीवर थोपटत होता, तशी बांबूची भुसपटं तिच्या केसांत अडकत होती. मी ओट्याच्या कडेला टेकले. ती दमली तेव्हा त्यानं सुतळी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, “आता ह्या कामट्या कोण बांधणार? तुमीच की. बसा हितं, दावतो.” ओली सुतळी कशी आवळायची, कोन कसा धरायचा, सगळं त्यानं दाखवलं. एस्तेर दात-ओठ खाऊन गाठी मारत होती. एक कोन वाकडाच राहिला. “ऱ्हाऊ दे,” म्हातारा म्हणाला, “उजेडाला काय त्याचं!”

घरी येऊन आम्ही लाल-पिवळा जिलेटीनचा कागद चिकटवला आणि आत बल्ब सोडला. सात वाजता गल्लीच्या तोंडाशी पेटीचा आवाज आला. मंडळी आमच्या दाराशी आली आणि घुटमळली. दुःखाचं घर, आणि दारात चांदणी. पाळकसाहेबांनी हळू विचारलं, “गाणं म्हणायचं का?” रूथ उंबऱ्यावर उभी राहून म्हणाली, “म्हणा की! आम्ही आहोत आत.”

सगळे चपला काढून आत आले. त्या दोन खोल्यांत माणसं मावेनात. त्यांनी तीन गाणी म्हटली. मला गाता आलं नाही, पण तिसऱ्या गाण्याला ओठ हलले, एवढं आठवतं. शेजारच्या काकूंनी तळून पाठवलेल्या करंज्या एस्तेरनं सगळ्यांना दिल्या. मग मंडळी उठली, आपापल्या चपला घालून पुढच्या घराकडं गेली. उंबऱ्याशी एकच जोड उरला. रूथ त्याच्याकडं बघत उभी राहिली. मग तिनं तो उचलला, फ्रॉकनं पुसला आणि कॉटखाली होता तिथं नेऊन ठेवला. त्या रात्री मी तिच्या पाठीवर, सकाळी मारलं होतं तिथं, हात ठेवून झोपले.

दुःख काही गेलं नाही. पुढची कितीतरी वर्षं कॅलेंडरातलं नोव्हेंबरचं पान उलटायला मी टाळाटाळ करायचे. पण मी देवाला म्हटलं होतं, तूच सांग, आणि त्यानं सांगितलं. मला हवं होतं त्याच्या नेमकं उलट सांगितलं, आणि ज्याला येशूची काही ओळखही नव्हती अशा माणसाकडून सांगितलं. त्या म्हाताऱ्यानं मोळी आधीच बांधून ठेवली होती, हे आठवलं की अजून अंगावर काटा येतो. तेव्हापासून मी देवाला काय सांगायचं ते सांगते, कसं करायचं ते मात्र त्याच्यावर सोडते. भांडण अधूनमधून होतं. त्याला चालत असावं.

म्हातारा आता नाही. कामट्या त्याची सून देते. मुली आपापल्या संसारात लांब आहेत, घरात मी एकटीच. चोवीस तारखेला संध्याकाळी रूथचा फोन येतो. “आई, चांदणी लावलीस का गं?”

“लावली की,” मी म्हणते. “मी आहे की घरात.”