कचरागाडीचा फॉर्म आणि वणीचं स्थळ

यवतमाळ शहराचं मत जाणून घेता घेता माझं लग्न एकदा जवळजवळ ठरलं होतं.

बी.ए. होऊन दोन वर्षं घरीच होते. स्थळं येत होती आणि चिवडा खाऊन जात होती. अशात नागरिकांना घरून फोन करून रस्ते, नळ, कचरागाडी यांबद्दल मत विचारायचं काम मिळालं. ऑफिसातल्या साहेबांची ताकीद एकच : फॉर्मवरचा एकही प्रश्न गाळायचा नाही. मी कशाला गाळते! (पहिलीच नोकरी, अंगात नुसतं वारं भरलं होतं.)

तिसराच फोन एका काकूंनी उचलला.

"घरात माणसं किती, काकू?"

"तीन. मी, हे, अन् आमचा मंगेश."

"विवाहित किती, अविवाहित किती?"

पलीकडचा आवाज एकदम मधाळ झाला. "मंगेशचंच राह्यलं वं बाई! वणीले कोळशाच्या खाणीत नोकरीले हाये."

"घर स्वतःचं की भाड्याचं?"

"सोताचं! दोन मजली!"

"नळाला पाणी किती दिवसांनी येतं?"

"तू पान्याची काळजी नको करू, घरी बोअर हाये! कोनाची वं तू?"

(इथे फोन ठेवायला हवा होता.) मी बाबांचं नाव सांगितलं, दारव्हा रोडवरचं घर सांगितलं, फाटकाचा रंगसुद्धा सांगितला!

रविवारी सकाळी फाटकाशी ऑटो थांबला. काका, काकू, कडक इस्त्रीतला मंगेश आणि पेढ्यांचा पुडा! आईला वाटलं, स्थळ बाबांनी आणलं. बाबांना वाटलं, आईनं. दोघंही एकमेकांवर बेहद्द खूश! दहा मिनिटांत मला साडीत गुंडाळून, चिवड्याच्या बशा हातात देऊन बाहेर ढकललं.

"पोरगी मोठी डेरिंगबाज हाये," काकू कौतुकानं म्हणाल्या. "सोतानंच फोन केलता!"

तो आवाज! माझ्या हातातली बशी मंगेशच्या मांडीवर रिकामी झाली.

"तू फोन केलता?" बाबांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला.

"बाबा, ते सर्वेक्षण होतं! कचरागाडीचं!"

"मंग अविवाहित किती, हे काहून इचारलं?" काकू उसळल्या.

"फॉर्मात होतं!"

"अन् घर सोताचं का भाड्याचं?"

"तेही फॉर्मात होतं!"

आईनं कपाळावर हात मारला. काकूंनी पेढ्यांचा पुडा हळूच पिशवीत परत ठेवला. एवढ्यात मांडीवरचे शेंगदाणे वेचता वेचता मंगेश खो खो हसत सुटला. "मले तं कोनी काही इचारलंच नाही!"

खरं सांगते, त्या क्षणी तो मला फार आवडला. अशा वेळी शहाणी मुलगी लाजली असती. मी आतून फॉर्म आणला! रस्त्यावरचे खड्डे, मोकाट कुत्री, बंद दिवे... एकही प्रश्न गाळला नाही. तो आधी हसत, मग जांभया देत, मग घड्याळाकडे पाहत उत्तरं देत राहिला.

संध्याकाळी काकूंचा फोन आला. "पोरगी गुनाची हाये वं. पन मंगेश म्हनते, हे तं चहा देतानाही मत इचारीन!"

उशीत तोंड खुपसून थोडी रडले. मग म्हटलं, निदान एक फॉर्म तर पूर्ण झाला! सोमवारी तो ऐटीत ऑफिसात दिला. साहेबांनी पत्ता वाचला आणि कागद परत सरकवला.

"हा तर वणीत राहतो. आपल्याला यवतमाळचे नागरिक पाहिजेत. हा चालणार नाही."

मंगेशला एकदा तरी ठणकावून नाकारावं अशी माझी फार इच्छा होती हो. तेही ऑफिसनंच उरकून टाकलं!